वाळूच्या गाडीत भरून चाललेला पुरावा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

वाळूची तक्रार महसूल खात्याकडे करायची असते, हे मला माहीत आहे. तरी हे पत्र आपल्याला लिहितो आहे, कारण गोदाकाठावरून वाळूबरोबर जे चाललं आहे, म्हणजे अश्मयुगीन हत्यारं आणि नामशेष जनावरांची हाडं, ते आपल्या खात्याचं आहे.

पैठणजवळचं मुंगी हे गाव बहुतेकांना निंबार्काचार्यांचं जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. याच मुंगीजवळ, गोदावरीच्या खडीच्या थरात, १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या वाइन यांना अकीकाचा एक घडवलेला छिलका, म्हणजे माणसाने दगडातून मुद्दाम काढलेली कपची, मिळाला. तो ज्या थरातला होता, त्या थरांत नामशेष जनावरांची दगड झालेली हाडं सापडत होती. थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्यावर टिपण छापलं. मद्रासजवळ पल्लवरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना हातकुऱ्हाड सापडली ती १८६३ साली. भारतात अश्मयुगीन माणूस होता हे नुकतं कुठे कळू लागलं होतं, आणि त्या पहिल्या काही वर्षांतच मुंगीचं नाव त्या यादीत लागलं.

पुढे १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठी, माणूस आणि ही नामशेष जनावरं एकाच काळात होती का, हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. नदीच्या घट्ट खडीत त्यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि ‘बॉस नामॅडिकस’ या नामशेष रानबैलाची हाडंही मिळाली. त्या हत्यारांच्या परंपरेला पुरातत्त्वज्ञ ‘नेवासियन’ म्हणू लागले. ज्ञानेश्वरीच्या गावाची ही दुसरी ओळख आपल्या शाळांमध्ये किती मुलांना सांगितली जाते?

हाडं काढून संग्रहालयात ठेवली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. ते का पुरेसं नाही, हे काश्मीरमधल्या पांपोरच्या उदाहरणावरून कळतं. तिथे गलंदर इथे २००० साली जम्मू विद्यापीठाचे प्रा. गुलाम भट यांच्या चमूला ‘पॅलिओलोक्सोडॉन’ या नामशेष हत्तीची कवटी मिळाली. हा हत्ती खांद्यापाशीच सुमारे ४ मीटर उंच व्हायचा. कवटीच्या आतली असामान्य वाढ सांगते की त्याला नाकाच्या पोकळ्यांचा जुना आजार होता. त्याच्याबरोबर ८७ दगडी हत्यारं मिळाली. ती ज्या बेसॉल्टची आहेत तो दगड त्या परिसरातला नाही, म्हणजे माणसांनी तो बाहेरून आणला होता. २०२४ मध्ये या सगळ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांच्या काही कपच्या अशा निघाल्या आहेत, की हाड ताजं असताना कुणीतरी त्यावर जोराचा घाव घातला असला पाहिजे, बहुधा आतल्या मज्जेसाठी. काळ सुमारे ३ ते ४ लाख वर्षांपूर्वीचा. हत्तीची शिकार झाली असा पुरावा मात्र नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. हे सगळं सांगता आलं ते हाड आणि हत्यार एकाच जागी, एकमेकांशेजारी मिळाल्यामुळे. तीच कवटी कुणी उचलून दिवाणखान्यात ठेवली असती, तर ती फक्त एक मोठी कवटी राहिली असती.

आपल्याकडे असा पुरावा किती नाजूक असतो ते जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे गावी दिसतं. चाळीसगाव तालुक्यातल्या या गावी पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची जाळी कोरलेला कवचाचा एक तुकडा मिळाला. तो तुकडा नजरेतून निसटला असता तर जळगाव जिल्ह्यात शहामृगाच्या अंड्यावर माणसाने नक्षी केली होती, हे कोणाला कळलं असतं? मातीची पाटी अन् पाटी चाळल्याशिवाय असल्या वस्तू हाती लागत नाहीत.

या पुराव्याशी एक मोठा प्रश्न जोडलेला आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात माणूस पोचल्यानंतर मोठी जनावरं मोठ्या संख्येने नाहीशी झाली. भारतीय उपखंडात मात्र पॅलिओलोक्सोडॉन, हत्तीसारखा स्टेगोडॉन, पाणघोडा अशी मोजकीच गेली. हत्ती, गेंडा, गवा आजही आहेत. लाखो वर्षं माणसाच्या शेजारी राहिल्यामुळे इथली जनावरं माणसाला सरावली होती, असा एक तर्क आहे. तो तपासायचा तर हाडं आणि हत्यारं जागच्या जागी असलेले थर लागतात. गोदावरी, प्रवरा आणि मांजरा यांच्या काठांवर असे थर आहेत.

आणि तेच थर आज पोकलेनखाली येत आहेत. सैल वाळू संपली की बकेट खालच्या घट्ट खडीत शिरते, कधी काठच पोखरला जातो. चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे बाजूला फेकले जातात किंवा भरावात जातात. वाळूगटाची, म्हणजे वाळू उपशासाठी लिलावात दिल्या जाणाऱ्या नदीच्या पट्ट्याची, मोजणी होते, ब्रासचा हिशोब होतो, पण त्या खडीत काय आहे हे बघायला पुरातत्त्व विभागाचा माणूस आलेला मी तरी पाहिलेला नाही. एका सरकारी कार्यालयात मी याबद्दल विचारलं, तेव्हा ‘हाडांचा विषय आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी तसं परिपत्रकच दिलेलं नाही.

आपण ते देऊ शकता. मुंगी-पैठण, नेवासा आणि मांजराकाठच्या ज्या जागांचा उल्लेख शोधनिबंधांत आहे, त्या सर्व्हे नंबरसह नकाशावर घ्या आणि वाळूगटांच्या यादीतून वगळा. राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या कायद्याखाली यातल्या निवडक जागा संरक्षित करता येतील. बाकीच्या ठिकाणी लिलावाआधी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची पाहणी सक्तीची असावी. डेक्कन कॉलेजचे जाणकार त्यात मदत करू शकतील. दगड झालेलं हाड दिसलं तर ते न हलवता फोटो काढून कोणाला कळवायचं, याचं एक पानी मराठी पत्रक नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लागलं पाहिजे. शेतकऱ्याला भीती असते की असलं काही कळवलं तर जमीन जाईल. तसं होणार नाही, हे त्याच पत्रकात ठळक लिहा, नाहीतर कोणीही कळवणार नाही.

पावसाळा संपला की नव्या वाळूगटांचे प्रस्ताव तयार होतात. त्याआधी महसूल मंत्र्यांबरोबर या एका विषयावर बैठक लावावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
गोदाकाठचा एक रहिवासी