डबा खराब होता, बोटं नाही

लातूर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुन्या,

तू बरोबर होतास. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं गेल्यावर माझी हिंमत व्हायची नाही आणि मी तुरीच्या भावावर घसरेन. २००३ च्या गॅदरिंगला तू गिटार वाजवलीस तेव्हा आपला स्पीकरचा डबा खराब होता. तुझी बोटं नाही.

हसू नकोस. दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसता अंगठा पाठवला, आणि आता एकदम हे. पण दुसऱ्या कुणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणाली, "वीस वर्षांनी कशाला उकरायलात?" पश्याला सांगितलं तर त्यानं विचारलं, "कोणतं गॅदरिंग?" लेका, ज्या माणसानं त्या रात्री तबल्यावर पाणी सांडलं तो विचारतो कोणतं गॅदरिंग!

बापूंची शुगर आहे तशी आहे. माझा गुडघा पायऱ्या चढताना वाजतो. बाकी सगळे मजेत.

तर झालं असं. मार्चमध्ये संभाजीनगरच्या एका पोराकडून गिटारचा जुना अँप घेतला. नुसतं डोकं, स्पीकर नाही. पाच वॅट. हो, पाचच. मंडपवाल्याला सांगितलं तर म्हणला, "दादा, एवढ्यात तर आमच्याकडं दिवा लागतो." आत काचेच्या नळ्या, म्हणजे वाल्व, दोनच: पुढं एक १२एएक्स७, मागं एक ईएल८४. बटण दाबलं की थोडा वेळ काहीच नाही, मग हळूहळू आत केशरी होत जातं. बापू खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणले, "आता बातम्या लागतील." मी हसलो, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या काळच्या रेडिओत असलेच वाल्व असायचे.

वाल्वचा अँप स्पीकर न जोडता वाजवायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तेवढं मला ठाऊक होतं. म्हणून माळ्यावरून आपला डबा काढला. तोच. काळ्या रेक्झिनचा, मागं तू कर्कटकानं नाव कोरलेला. रेक्झिन उंदरांनी खाल्लंय, तुझं नाव शाबूत आहे. अँपच्या मागं ४, ८ आणि १६ ओहमची तीन भोकं आहेत, स्पीकर विजेला जेवढा अडवतो त्या मापानं तार घालायची. डब्यातला वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा स्पीकर, ४ चा, म्हणून ४ मध्ये घातलं आणि वाजवलं.

गोधडीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज. खालची तार नुसती गुरगुरते, वरच्या तारांचं टोक कुठंच नाही. आधी मला वाटलं वाल्व गेला. नवा मागवला, फरक शून्य. मग गिटारीवर संशय. हो, गिटार तुझीच आहे. टकल्याकडं बारा वर्षं कपाटावर पडली होती, त्याच्या बायकोनं भंगारात काढली तेव्हा मी उचलली. तारा बदलल्या, मान जरा वाकलीय, पण वाजते. तुला सांगणार नव्हतो, आता निघालंच. तर गिटारीचंही काही नव्हतं. मग शेवटी काय उरलं? माझी बोटं. चांगले पंधरा दिवस मी रोज रात्री माझ्या बोटांना शिव्या घातल्या.

मग ते संभाजीनगरचं पोरगं लग्नाला इकडं आलं होतं, येताना त्याचा गिटारचा बारा इंची स्पीकर घेऊन आलं. साधा डबा, मागून अर्धा उघडा. ८ मध्ये घातला. तीच गिटार, तोच अँप, तीच बोटं. सुन्या, पहिला सूर निघाला आणि बापूंनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. मी खाली बसलो. आणि मला एकदम तुझा चेहरा आठवला, स्टेजच्या मागं, विंगेत, घामाघूम. "मन्या, डबा खराब आहे रे." आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणलो? तुला पाठ असेल, मी परत लिहीत नाही.

आता कारण सांगतो, कारण नुसतं "तू बरोबर होतास" म्हणून भागणार नाही, तू पुरावा मागशील. तू अकरावीपासून असाच. तो वूफर गिटारसाठी केलेलाच नव्हता. तो जीपमध्ये धडधडायला केलेला होता. त्याच्या कडेला रबर आहे, शंकू जड आहे. जड वस्तू सावकाश हलते, म्हणून खालचा आवाज भरपूर आणि वरचा मेलेला. गिटारच्या स्पीकरचा कागद हलका, कडक, कडेला कागदाच्याच चुण्या. तो साधारण ७५ ते ५००० हर्ट्झ एवढंच वाजवतो. सगळ्यात जाड तार मोकळी सोडली तर ८२ हर्ट्झ, म्हणजे खाली तेवढं पुरतं. आणि ५००० च्या वरचं कापलं जातं तेही बरंच, नाहीतर फाटलेला आवाज माशीसारखा घोंघावला असता. तू त्या रात्री जे जे सूर लावलेस ते त्या वूफरनं गिळले. मीही दहा फुटांवर होतो, मलाही ऐकू आले नाहीत, आणि मी म्हणलो की ते लागलेच नाहीत.

असो.

दुसरी गोष्ट डेसिबलची. प्रत्येक चांगल्या स्पीकरवर लिहिलेलं असतं, एक वॅट दिला आणि एक मीटरवरून ऐकलं तर किती डेसिबल. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरला ९८. त्यांच्याच व्हिंटेज ३० ला १००, अल्निको चुंबकाच्या निळ्यालाही १००. आपल्या वूफरवर काहीच लिहिलेलं नाही, मी ९० धरले. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, १० ला दहापट. म्हणजे माझे पाचच्या पाच वॅट जाळून आपला डबा जेवढा ओरडतो, तेवढं शंभर डेसिबलवाला अर्ध्या वॅटमध्ये बोलतो. मंडपवाला हे ऐकून गप्प झाला. मग म्हणला, "तरी दिवा लागतोच ना."

आता माझी खरी अडचण. पत्र याच्यासाठी लिहायलोय, माफीसाठी नाही, माफी मध्येच आली. शंभरवाला घ्यावा की नाही?

वाटतं घ्यावा. पाच वॅटमधून जास्तीत जास्त आवाज, तू आलास, पश्या ढोलकी घेऊन बसला तरी गिटार दबणार नाही. पण वाल्वचा तो गोड फाटका आवाज येतो कधी? अँपचा आवाज शेवटपर्यंत पिळल्यावर. आणि शंभरवाल्यावर पाच वॅट पिळले तर एक मीटरवर १०७ डेसिबल होतात. पाच वॅट कमी असं म्हणणाऱ्याला माझ्या १० बाय ११ च्या खोलीत बसव, वर स्लॅब, पलीकडच्या भिंतीला बापूंचा पलंग. छोटीचं यंदा दहावीचं वर्ष. शेजारच्या काकूंनी आधीच विचारलंय, "गणपतीची प्रॅक्टिस आत्तापासून का?" कमी डेसिबलचा घेतला तर अँप पिळता येईल, काकू झोपतील. पण मग चौघांत वाजवायचं झालं तर मी परत २००३ च्या गॅदरिंगला.

निळा मनातून काढून टाकलाय. तो १५ वॅट सोसणारा, माझ्या पाचाला चालला असता, पण किमतीकडं बघवत नाही. ग्रीनबॅक २५ वॅटचा, ९८. मधला मार्ग म्हणायचा. तोही टपाल-जकात धरून साधारण चार क्विंटल सोयाबीन. हिला "अँपचा एक भाग" एवढंच सांगितलंय.

आणि आकार? फेंडर कंपनीच्या चॅम्प नावाच्या छोट्या अँपला पाचच वॅट आणि आठ इंची स्पीकर असायचा, लोकांनी त्यावर रेकॉर्ड केलं. छोटा डबा, टेबलावर मावतो. पण मी त्या पोराचा बारा इंची ऐकलाय, आता आठ इंची ऐकला की टपरीतला रेडिओ वाटतो. दहा इंचीवर मन जातं आणि परत बारावर येतं. दोन आठ इंची लावू का, असंही एका रात्री वाटलं. ८-८ चे दोन समांतर जोडले तर ४ ओहम, एकामागं एक जोडले तर १६, अँपला दोन्ही चालतात. सकाळी उठून ते खोडलं.

डब्याचं तर विचारूच नको. गावातलं माळवदाचं घर यंदा उतरवलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बापू त्याच्या खाली झोपलेच नव्हते, तू होतास तेव्हा, आपण सगळे अंगणात. किल्लारी इथून किती लांब, पण भिंती दगड-मातीच्या, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. तर त्या घराच्या सागाच्या फळ्या निघाल्या. मला वाटलं याच्याच डब्यात स्पीकर बसवू. मिस्त्रींनी एक फळी ठोकून पाहिली. "साग मंदिराला लावा. याच्यात शंभर वर्षांचे खिळे हायत, माझा रंधा जाईल." त्यांचं म्हणणं १८ मिलिमीटरचा प्लाय, वरून सनमायका. सनमायका! मी म्हणलं किचन ट्रॉली करायची नाही. तसं बघितलं तर जुन्या फेंडरचे डबे साध्या पाइनचे असायचे, हलके, लाकूड थोडं आवाजाबरोबर थरथरायचं. साग जड, तो थरथरणार नाही आणि मला उचलणारही नाही. म्हणून सध्या ठरलंय की स्पीकर ज्या फळीवर बसतो ती प्लायची आणि बाजू सागाच्या. मिस्त्री खिळे काढायचे पैसे वेगळे मागायलेत.

मागची बाजू उघडी की बंद, यावर मात्र आठ दिवस झोप नाही. बंद ठेवली तर खालचा आवाज घट्ट येतो, पण सगळा सरळ समोर फेकला जातो. समोर बसणाऱ्याला टोचतो आणि वाजवणाऱ्याच्या पोटरीला लागतो. उघडी ठेवली तर मागूनही आवाज निघतो, भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो, बाजूला बसलं तरी गोड. पण मागचा आणि पुढचा आवाज एकमेकांना खातात, खालची तार पोकळ होते. आणि मागची भिंत म्हणजे बापूंची.

बापूंनीच तोड काढली, अर्थात त्यांना तसं वाटलं नाही. परवा जेवताना म्हणले, "रेडिओच्या मागं भोकाभोकाचा पुठ्ठा असायचा. वाल्व तापले की आम्ही काढून ठेवायचो." तर मागं तीन आडव्या पट्ट्या, मधली स्क्रूची. रात्री मधली लावायची, तू आलास की काढायची. मिस्त्री म्हणायलेत की एवढ्यात दाराचं काम झालं असतं.

छोटीला मात्र एकच आवडलं. दीड व्होल्टचा सेल स्पीकरला लावला की शंकू पुढं उडी मारतो, मागं गेला तर तारा उलट्या. तिनं घरातले सगळे स्पीकर तपासले, आपला डबाही. तुला सांगायचं म्हणजे त्याच्याही तारा उलट्याच निघाल्या. एकट्या स्पीकरला त्यानं काही फरक पडत नाही, पण मला बरं वाटलं, निदान काही तरी तुझ्याही हातून उलटं झालं होतं.

तुझ्या फ्लॅटचं कळलं. टँकर येतो म्हणे. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावचा तू, तुला काय सांगायचं, बादल्या जास्त घे. वहिनींची बदली झाली का? चिन्मयनं गिटार मागितली असं मावशी सांगत होत्या. दे. पण स्पीकर मला विचारून घे.

मिस्त्री पोळ्याची कर झाली की भोक पाडणार. बारासाठी सुमारे अकरा इंचांचं, एकदा पाडलं की परत भरता येत नाही. तोवर कळव, बारा की दहा. ग्रीनबॅक मी अजून मागवलेला नाही, तुझ्या पत्रासाठी थांबलोय.

गणपतीत चार दिवस तरी ये. दहा दिवस डीजे असतो, तेवढ्यात आपल्या पाच वॅटचं कुणी नाव घेणार नाही. काकूही नाही.

तुझा,
मन्या

ता. क. येताना तिकडून स्पीकरची जाड वायर दोन हात घेऊन ये, दोन्ही टोकांना जॅक लावलेली. गिटारची नको, ती आतून पातळ असते. मागच्या वेळी तू तीच आणली होतीस.