कॅमेरा बदलण्याआधी लेन्सची बॅग उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस संपल्याचा लेख वाचला. त्यातली माहिती खरी आहे. २०२० सालानंतर कॅनन किंवा निकॉन, कोणीही नवा व्यावसायिक डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. दोघांचंही सगळं लक्ष आता मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे. पण लेखाचा शेवट ‘जुनं विकून वेळीच मिररलेसकडे वळा’ असा आहे आणि त्यावर मला लिहावंसं वाटतं. कारण हा लेख आमच्या तालुक्यातल्या लहान फोटोग्राफरांनीही वाचला आहे. त्यातल्या दोघांनी त्याच आठवड्यात मला फोन करून विचारलं, “ताई, कर्ज काढून सोनी घेऊ का?”

बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, आषाढीच्या आधी वारी, असं आमचं काम. माझ्याकडे निकॉन डी७५० आहे. २०१४ साली आलेला हा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. त्याचं शटर एकदा बदलून झालंय. सोबत २४-७०, ७०-२०० आणि ५० मिलिमीटर अशा लेन्स. शिवाय वडिलांनी रिळांच्या काळात घेतलेली ८०-२०० एएफ-डी आणि त्यांच्या एफएम२ कॅमेऱ्याची १०५ मिलिमीटरची लेन्स, या दोन्ही मी आजही वापरते. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९५९ सालची. त्यामुळे वडिलांची हाताने फोकस करायची लेन्स माझ्या डिजिटल बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) बसते, प्रकाशाचा मीटरही दाखवते. नवरीचं एकटीचं पोर्ट्रेट मी आजही त्याच १०५वर काढते.

गेल्या लग्नसराईत एका घरी बोलणी करायला गेले होते. मुलीच्या काकांनी अल्बम बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, “ताई, तुमच्याकडे मिररलेस आहे ना? आम्हाला सोनीच पाहिजे.” हल्ली कार्यालयवाले आणि इव्हेंटवालेही पॅकेजच्या कागदावर कॅमेऱ्याची कंपनी लिहितात. म्हणून मीही हिशोब मांडला. पुण्यातून कोटेशन मागवलं. एक फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, २४-७० आणि ७०-२०० एवढंच धरलं तरी आकडा सहा-सात लाखांच्या घरात जातो. आणि बॉडी-लेन्स घेऊन हे थांबत नाही. माझ्या फ्लॅशचा टीटीएल (प्रकाश आपोआप ठरवायची सोय) निकॉनचा आहे, तो सोनीवर चालणार नाही. फ्लॅश दुरून पेटवणारे ट्रिगर निकॉनचे, तेही बदलायचे. बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे, काही बॉडींना कार्डही वेगळ्या जातीचं लागतं. आणि जुन्या सामानाला एक्स्चेंजमध्ये जो भाव सांगितला, तो ऐकून वडील काही न बोलता दुकानाच्या आत गेले.

कॅमेरा म्हटलं की लोक बॉडीबद्दल बोलतात. पैसा अडकलेला असतो लेन्समध्ये. म्हणून कंपनी बदलायची की नाही हा प्रश्न सोडवायचा असेल, तर आधी लेन्सची बॅग उघडून बघावी. कोणती लेन्स नव्या बॉडीवर चालेल, कोणती चालेल पण अर्धवट, आणि कोणती घरीच राहील, हे एका कागदावर लिहावं.

निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आरसा फिरायला तेवढी जागा लागते. २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये हेच अंतर १६ मिलिमीटर आहे, कारण आत आरसाच नाही. मधल्या तीस-एक मिलिमीटरमध्ये पोकळ अडॅप्टर बसतो, त्यात काचही लागत नाही. म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर जाते, पण नवी लेन्स जुन्या बॉडीवर कधीच जात नाही. निकॉनच्या या अडॅप्टरचं नाव एफटीझेड. ज्यांच्या पोटातच मोटर आहे त्या एएफ-एस लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतात. माझी ७०-२०० आणि २४-७० चालतील. वडिलांच्या ८०-२००ला मात्र मोटर नाही, बॉडीतल्या स्क्रूने तिचा फोकस फिरतो, आणि एफटीझेडमध्ये तो स्क्रू नाही. तिथे ती हाताने फोकस करायची लेन्स होऊन बसते. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

कॅननवाल्यांचं याबाबतीत सोपं आहे. १९८७ साली कॅननने एफडी माउंट बंद करून ईएफ माउंट आणला, तेव्हा एफडी लेन्स घेतलेल्यांना मोठा फटका बसला. वडिलांच्या वयाचे फोटोग्राफर अजून त्याबद्दल बोलतात. पण ईएफच्या प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्ये पहिल्यापासून मोटर आहे. म्हणून आज त्या लेन्स कॅननच्याच आरएफ माउंटच्या मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून छान चालतात. ज्याच्याकडे कॅननचा ५डी हा डीएसएलआर आणि ईएफ लेन्सचा संच आहे त्याने सोनीकडे जाण्याआधी, घरातल्या लेन्स लावून कॅननची आर मालिकेतली बॉडी एकदा हातात धरून बघावी, एवढंच मी म्हणेन.

मिररलेसची बाजूही मला नीट मांडायची आहे, नाहीतर हे पत्र जुन्याला कवटाळून बसलेल्या बाईचं वाटेल. माणसाचा डोळा ओळखून त्यावर आपोआप बसणारा फोकस ही फार मोठी सोय आहे. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, तो क्षण एखाद्या सेकंदाचा असतो. माझ्या कॅमेऱ्यात फोकसचे पॉइंट मधल्या भागात दाटलेले आहेत. चेहरा फ्रेमच्या कडेला असेल तर आधी फोकस धरून मग फ्रेम हलवावी लागते. मिररलेसमध्ये जवळपास सगळ्या फ्रेमभर फोकस मिळतो. मंगलाष्टकं चालू असताना, कीर्तनात, शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत आवाज न करता फोटो काढता येतो. आणि व्हिडिओ हवा असेल तर प्रश्नच मिटला. माझ्या डी७५०मध्ये ४के नाही आणि व्हिडिओ घेताना त्याचा फोकस चाचपडतो. आमचं व्हिडिओचं काम माझा चुलतभाऊ सोनीवर करतो. ते त्याने तसंच करावं.

तरी प्रत्यक्ष कार्यालयात काय होतं तेही सांगते. स्टेजमागे एलईडीची भिंत असते. आवाज बंद ठेवून इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटो काढला तर कित्येक बॉडींमध्ये फोटोवर आडवे पट्टे येतात, मग पुन्हा मेकॅनिकल शटरवर यावं लागतं. हळदीच्या कार्यक्रमात लोक हळद अक्षरशः उधळतात. डीएसएलआरची लेन्स काढली तर सेन्सरपुढे आरसा आणि शटर असतं. अनेक मिररलेस बॉडींत लेन्स काढली की सेन्सर सरळ उघडा. काही बॉडींत कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटायची सोय असते, ती आहे का हे बघून घ्यावं. बॅटरीचंही तसंच. डी७५०ला कंपनीच्या प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जवर १२३० फोटो मिळतात, निकॉनच्याच झेड६ला ३१०. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्त निघतात, पण फरक राहतोच. सकाळच्या देवकापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत मी पाकिटातल्या एका जास्तीच्या बॅटरीवर निभावते. लोडशेडिंगच्या गावात हे छोटं नाही.

फोटोच्या दर्जाचं म्हणाल तर आमच्याकडे सर्वांत जास्त जातो तो उघडल्यावर १२ बाय ३६ इंचांचा होणारा करिझ्मा अल्बम. त्याचं एक पान १२ बाय १८ इंचांचं. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) त्याला साधारण १९ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलमध्ये पूर्ण पान भरून वर थोडं उरतं. नवरीच्या शालूचा हिरवा बरोबर येतो की नाही, हे कंपनीच्या नावापेक्षा व्हाइट बॅलन्सवर आणि एडिटिंग करणाऱ्याच्या नजरेवर जास्त ठरतं. उलट एकाच लग्नात दोन कंपन्यांचे कॅमेरे असले की त्वचेचा रंग जुळवण्यात रात्री जातात. भावाच्या व्हिडिओशी माझे फोटो जुळवताना ते मी नेहमीच अनुभवते.

कर्जाचा मुद्दा मला सर्वांत जास्त छळतो. आमची कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि ज्येष्ठापर्यंत चालते. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. एखाद्या वर्षी अधिक मास येतो, कधी गुरू-शुक्राचा अस्त, की मुहूर्त आणखी घटतात. ईएमआय मात्र श्रावणातही येतो आणि भाद्रपदातही. ज्या दोन मुलांनी मला फोन केला त्यांच्यापैकी एकाचं नुकतंच लग्न झालंय, दुसऱ्याच्या घरी बहिणीचं ठरतंय. दोघांचेही कॅमेरे चांगले चालतात. त्यांचे फोटो मी पाहिलेत, त्यात कमी पडतोय तो प्रकाश. त्यांना मी म्हटलं, कर्जाच्या पहिल्या तीन हप्त्यांत दोन चांगले फ्लॅश, स्टँड आणि एक मोठी सॉफ्टबॉक्स येईल, तेवढं आधी घे.

कोणी सांगतं की मोठमोठ्या वृत्तसंस्थांनीही कंपनी बदलली. असोसिएटेड प्रेसने २०२० साली आपले सगळे कॅमेरे सोनीचे करायचं ठरवलं, हे खरं आहे. पण त्यांचे फोटोवाले आणि व्हिडिओवाले जगभर एकाच जातीचं सामान आपसात वापरू शकतात, आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या पाठीशी कंपनी स्वतः उभी राहते. माझा कॅमेरा बिघडला तर तो कुरियरने पुण्याला जातो आणि परत येईपर्यंत मी भाड्याच्या बॉडीवर काम करते. तिथलं गणित इथे लागू करता येत नाही. त्यात आता ग्रे मार्केटचा स्वस्त माल आलाय. भारतातली वॉरंटी नसलेली बॉडी घेतली आणि सीझनमध्ये बंद पडली, तर दाद कुठे मागणार?

आज एका कंपनीचं नाव जोरात आहे म्हणून ती कायमची, असंही नाही. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि तो सोनीकडे गेला. सोनीने त्यांच्याकडून आलेला ए माउंट चालवला आणि पुढे तोही मागे पडला. ऑलिंपसने २०२० साली आपला कॅमेऱ्याचा विभाग विकायचं जाहीर केलं. त्यामुळे आज सोनीवर गेलेल्याला उद्या पुन्हा हाच हिशोब मांडावा लागू शकतो.

ज्यांनी खरंच बदलावं असे लोक आहेत. ज्याच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सशिवाय काही नाही, त्याचं लेन्समध्ये काही अडकलेलंच नाही, त्याने थेट मिररलेस घ्यावा. त्याला सोनीचा पर्याय चांगलाही आहे, कारण सोनीच्या ई माउंटसाठी टॅमरॉन आणि सिग्माच्या कमी किमतीच्या उत्तम लेन्स भरपूर मिळतात. ज्याचं निम्म्याहून जास्त काम व्हिडिओचं आहे, त्यानेही थांबू नये. भिगवणला उडत्या पक्ष्यांमागे असणाऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस मिळाला तर त्यांचं काम खरोखर बदलतं. बाकीच्यांनी एक लग्न भाड्याच्या बॉडीवर काढून बघावं आणि दोन्ही अल्बम शेजारी ठेवून गिऱ्हाइकालाच विचारावं.

मी निकॉन सोडणार नाही. डी७५० चालेल तोवर चालवीन. त्यानंतर झेड मालिकेतली एक सेकंडहँड बॉडी आणि एफटीझेड घेईन. ८०-२००साठी जुनी बॉडी ठेवून देईन.

मुलीच्या त्या काकांना मी दोन लग्नांचे सगळेच्या सगळे फोटो दाखवले, निवडक वीस नाही. ते काम मला मिळालं. आपल्या वाचकांना माझी विनंती आहे की फोटोग्राफर ठरवताना एका लग्नाचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे फोटो मागा. अंधारातले, पंगतीतले, म्हाताऱ्या माणसांचे बघा. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी विचारा.

आणि आमच्या तालुक्यातल्या फोटोग्राफर बांधवांपुढे एक प्रस्ताव ठेवते. प्रत्येकाने वेगळं कर्ज काढण्यापेक्षा वर्गणी काढून दोन मिररलेस बॉडी, निकॉन आणि कॅननचे अडॅप्टर आणि एखादी चांगली लेन्स सामायिक घेऊ. ज्याच्या लग्नाला गरज असेल त्याने दिवसाचं ठरलेलं भाडं भरून न्यावी. त्या पैशातून दुरुस्ती आणि विमा निघेल, आणि स्वतःसाठी कोणती बॉडी घ्यायची हे प्रत्येकाला कामावर वापरून कळेल. ठेवायला जागा आमच्या स्टुडिओत आहे. तुळशीच्या लग्नाआधी बैठक घेऊ, मी सगळ्यांना कळवते.

आपली,
एक स्टुडिओचालक, बार्शी (जि. सोलापूर)