संगणक सुरू होत नाही म्हणून थेट फॉरमॅट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 ही चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर ज्यांच्यात नाही, असे चालू स्थितीतले पुष्कळ संगणक त्यामुळे लिनक्स या दुसऱ्या प्रणालीकडे वळू लागले आहेत. शाळांचे संगणक कक्ष, गावोगावची वाचनालये आणि लहान कार्यालये यांच्या जुन्या यंत्रांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे लिनक्सचे प्रकार बसवून देण्याच्या कामात मी काही वर्षे आहे, आणि भंगारात जाणारी यंत्रे पुन्हा उपयोगात येतात याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र या कामात एक गोष्ट वारंवार समोर येते आणि ती अस्वस्थ करणारी आहे. एखाद्या सकाळी लिनक्स सुरू होत नाही, स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांतला न समजणारा मजकूर दिसतो, आणि यंत्र दुरुस्तीला नेल्यावर तो मजकूर वाचण्याआधीच ‘फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो’ असे सांगितले जाते. शिक्षकांनी तयार केलेल्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, वाचनालयाची ग्रंथसूची, संस्थेचे हिशेब असे सगळे त्यात पुसले जाते. बहुतेक वेळा याची काहीही गरज नसते, कारण बिघाड सुरुवातीच्या प्रक्रियेत असतो आणि फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात. हे सविस्तर सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कळ दाबल्यापासून लॉगिनची खिडकी दिसेपर्यंत काम ठरलेल्या क्रमाने पुढे जाते. प्रथम मदरबोर्डवर कायम साठवलेला प्रोग्रॅम, फर्मवेअर, म्हणजे जुन्या यंत्रांतला बायोस किंवा नव्या यंत्रांतला यूईएफआय, मेमरी तपासतो आणि डिस्क शोधतो. मग तो ग्रब नावाच्या लहानशा प्रोग्रॅमला पुढे करतो. ग्रब लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याच्या सोबतची इनिटरॅमएफएस ही सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल मेमरीत आणतो. कर्नल मूळ विभाग, म्हणजे डिस्कचा प्रणाली असलेला भाग, जोडून घेतो, आणि शेवटी सिस्टमडी हा प्रोग्रॅम बाकीच्या सेवा सुरू करतो. कोणत्या टप्प्यावर काम अडले हे कळले की निम्मी दुरुस्ती झाली असे मी अनुभवाने म्हणतो, आणि ते कळण्यासाठी स्क्रीनवरचा शेवटचा मजकूर मोबाइलने टिपून घेणे एवढेच पुरते. तो फोटो न काढता यंत्र बंद करणे म्हणजे हाती आलेला एकमेव पुरावा टाकून देणे होय.

फर्मवेअरच्या टप्प्यावरचे बिघाड लिनक्सचे नसतातच, तरी त्यांचा दोष लिनक्सला दिला जातो. मदरबोर्डवर सीआर 2032 क्रमांकाचा नाण्याएवढा सेल असतो. शाळेत सुटीच्या काळात मुख्य बटण बंद ठेवले जाते, तेव्हा घड्याळ आणि सेटिंग यांचा सगळा भार त्या सेलवर येतो, आणि जुना सेल संपतो. मग तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि फर्मवेअर आपल्या मूळ सेटिंगवर परत येतो. काही यंत्रांत त्यामुळे यूईएफआयऐवजी जुनी लेगसी पद्धत निवडली जाते, तर काहींमध्ये डिस्कशी जोडून घेण्याची पद्धत एएचसीआयवरून रेडवर (RAID) जाते, आणि कालपर्यंत चालणारे लिनक्स आज ‘सापडत नाही’. सेल बदलून ही दोन सेटिंग पूर्ववत केली की यंत्र जणू काही घडलेच नाही असे सुरू होते. डिस्क जर फर्मवेअरच्या यादीतच दिसत नसेल, तर केबल, जोडणी किंवा खुद्द डिस्क तपासायची असते, आणि तेथे नवीन प्रणाली टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ग्रबचा बिघाड ओळखणे सोपे आहे. ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द दिसत असतील, तर ग्रबचा गाभा सुरू झालेला आहे, पण त्याचे उरलेले भाग ज्या विभागात होते तो त्याला मिळत नाही. विंडोजमधून विभाग पुसणे, त्यांचा आकार बदलणे किंवा डिस्कचा क्रम बदलणे ही त्याची नेहमीची कारणे. नुसताच ‘ग्रब’ असा शब्द आणि पुढे लुकलुकणारा ठिपका दिसत असेल, तर भाग मिळाले आहेत, फक्त सुरू करायच्या प्रणालींच्या यादीची फाइल मिळालेली नाही. (उबुंटूमध्ये यादी पाहण्यासाठी इस्केप कळ गरजेपेक्षा अधिक वेळा दाबली गेली तरी हेच दिसते, आणि ‘नॉर्मल’ अशी आज्ञा दिली की यादी परत येते.) दोन्ही बाबतींत लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न बसवता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतो, आणि त्या कामात आपल्या फाइलींना हातही लागत नाही. यूईएफआय असलेल्या यंत्रांत तर पुष्कळदा तेवढेही करावे लागत नाही. विंडोजने अपडेटनंतर स्वतःला पहिल्या क्रमांकावर घेतलेले असते, तो क्रम फर्मवेअरमध्ये जाऊन बदलला की झाले.

ज्यांच्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांनी ऑगस्ट 2024 मधील प्रसंग लक्षात ठेवावा. त्या महिन्याच्या 13 तारखेच्या विंडोज अपडेटने ग्रबच्या सुरक्षा-दोष असलेल्या जुन्या आवृत्त्यांना सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे केवळ विश्वासू स्वाक्षरी असलेले प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीत, मज्जाव केला. दोन्ही प्रणाली असलेली यंत्रे त्यातून वगळली जातील असे सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात अनेक यंत्रे वगळली गेली नाहीत, आणि लिनक्स निवडल्यावर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश दाखवून यंत्र बंद पडू लागले. उपाय होता सिक्युअर बूट तात्पुरते बंद करण्याचा, लिनक्समधून एसबॅटचे (कोणत्या जुन्या आवृत्त्या रोखायच्या याचे) धोरण पुसण्याचा, ग्रब अद्ययावत करण्याचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करण्याचा. मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूटला हात लावताच 48 अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती आधी कागदावर लिहून ठेवल्याशिवाय फर्मवेअरच्या सेटिंगला स्पर्श करू नये, ही सूचना मी प्रत्येकाला आवर्जून करतो.

आता ज्या बिघाडाने आपल्याकडे सर्वांत जास्त यंत्रे अडतात, त्याविषयी. अपडेट चालू असताना वीज जाते. नवा कर्नल डिस्कवर लिहिला गेलेला असतो, पण त्याची इनिटरॅमएफएस फाइल तयार व्हायची राहिलेली असते. पुन्हा वीज आल्यावर ग्रब त्या नव्या कर्नलला सुरू करतो, कर्नलला मूळ विभाग जोडता येत नाही, आणि ‘कर्नल पॅनिक’ या शब्दांपाठोपाठ मूळ फाइल प्रणाली जोडता आली नाही असा संदेश येऊन यंत्र थिजते. कर्नल ठेवण्याचा बूट विभाग वेगळा आणि लहान ठेवलेला असेल आणि तो जुन्या कर्नलांनी भरून गेला असेल, तरीही नेमके हेच घडते. पाहणाऱ्याला वाटते की सर्व संपले. वास्तविक उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या साऱ्या प्रणाली आधीचा चालू कर्नल सहसा राखून ठेवतात. बायोसच्या यंत्रात शिफ्ट दाबून धरल्यावर किंवा यूईएफआयच्या यंत्रात इस्केप दाबल्यावर ग्रबची यादी दिसते. तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून जुना कर्नल सुरू करावा, टर्मिनल (आज्ञा लिहिण्याची खिडकी) उघडून, उबुंटू, मिंट आणि डेबियनमध्ये डीपीकेजीच्या आज्ञेने, अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण करावे, इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी आणि नको असलेले जुने कर्नल काढून जागा मोकळी करावी. अवघ्या काही मिनिटांच्या या कामासाठी आख्खी डिस्क पुसली गेल्याचे मी पाहिले आहे, आणि दर वेळी मला त्याचे तितकेच दुःख झाले आहे. ज्या गावात वीज बेभरवशाची आहे, तेथे यूपीएस नसलेल्या यंत्रावर अपडेट आपोआप होऊ देऊ नये, कोणीतरी समोर असताना ते करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज गेल्याचा दुसरा परिणाम म्हणजे ‘इनिटरॅमएफएस’ हा शब्द कंसात दाखवून थांबलेली स्क्रीन. मूळ विभागाची आपोआप तपासणी अपुरी पडली, ती हाताने करावी, असे ती सांगत असते. वरच्या ओळींत विभागाचे नाव दिलेले असते, ते देऊन एफएससीके ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवली की बहुधा काम होते. पण येथे घाई करू नये. डिस्क स्वतःच खराब होत चाललेली असेल, तर दुरुस्तीच्या प्रयत्नात ती आणखी बिघडते. म्हणून प्रथम लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद, पाहावा, महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच एफएससीके चालवावी. जोडलेल्या, वापरात असलेल्या विभागावर तर ती कधीही चालवू नये.

सिस्टमडीच्या टप्प्यावर सर्वाधिक त्रास एफएसटॅब या, सुरुवातीला कोणते विभाग जोडायचे याची यादी असलेल्या, फाइलीतील एका ओळीने होतो. कोणीतरी बाहेरची डिस्क कायमची जोडलेली राहावी म्हणून तिची नोंद त्या फाइलीत करतो आणि पुढे ती डिस्क काढून घेतली जाते. यंत्र सुरू होताना दीड मिनिट तिची वाट पाहते आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन थांबते. विंडोजचा विभाग त्या फाइलीत नोंदवलेला असेल आणि विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’मुळे पूर्ण बंद झालेले नसेल, तरीही तसेच होऊ शकते. तेथे पासवर्ड देऊन, मूळ विभाग लिहिण्यायोग्य करून, ती ओळ निष्क्रिय केली की काम झाले. नोंद हवीच असेल तर तिच्यात ‘नोफेल’ हा शब्द घालावा, म्हणजे डिस्क नसली तरी बाकीचे काम अडत नाही. आणि कारण मुळीच लक्षात येत नसेल, तर जर्नलसीटीएल ही आज्ञा मागच्या वेळच्या सुरुवातीची नोंद ओळीओळीने दाखवते. ही सोय हाताशी असताना अंदाजाने प्रणाली बदलत बसण्याला काही आधार नाही.

लॉगिनच्या आधी स्क्रीन नुसती काळी राहत असेल, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ कळ दाबून ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढावेत आणि ‘नोमोडसेट’ लिहावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे तो करताना भीती बाळगण्याचे कारण नाही. यंत्र अशा रीतीने सुरू झाले, तर दोष ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे निश्चित होते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची खिडकी परत परत येत असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून मजकुराच्या स्क्रीनवर जावे आणि डिस्क पूर्ण भरली आहे का ते आधी पाहावे.

सिक्युअर बूटचाच आणखी एक मुद्दा आहे. लिनक्सचा शिम हा ग्रबच्याही आधी चालणारा प्रारंभीचा प्रोग्रॅम ज्या 2011 सालच्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्राने स्वाक्षरित होत आला, त्याची मुदत जून 2026 पर्यंतचीच आहे. त्यामुळे चालू यंत्रे एका रात्रीत बंद पडतील अशी भीती काही ठिकाणी पसरवली जाते, ती निराधार आहे, कारण फर्मवेअर सहसा मुदतीची तारीख पाहत नाही. मात्र 2023 सालच्या नव्या प्रमाणपत्राने स्वाक्षरित झालेला शिम, ते प्रमाणपत्र फर्मवेअरमध्ये नसलेल्या यंत्रांवर सिक्युअर बूट चालू असताना सुरू होणार नाही. तेव्हा जुन्या यंत्रांचे फर्मवेअर-अपडेट उपलब्ध असेल तर ते वेळीच करून घ्यावे.

डिस्कच मोडीत निघाली असेल, तर नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने टाकण्याला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा. दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे की फॉरमॅट करण्यापूर्वी ग्राहकाला स्क्रीनवरचा संदेश दाखवावा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून त्याच्या फाइली उतरवून द्याव्यात आणि त्या कामाचा वेगळा मोबदला खुशाल घ्यावा. शाळांनी संगणक कक्षात एक लाइव्ह पेनड्राइव्ह कायम ठेवावा, तसेच प्रत्येक यंत्राची बूट-पद्धत, डिस्कची पद्धत, सिक्युअर बूट चालू की बंद आणि बिटलॉकर असल्यास त्याची रिकव्हरी की यांची नोंद मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणात सादरीकरणे आणि तक्ते तयार करायला शिकवतात, त्याच्याच जोडीला ग्रबच्या यादीतून जुना कर्नल कसा निवडायचा हे एका तासात शिकवता येईल. शिक्षण विभागाने त्याचा समावेश येत्या प्रशिक्षणातच करावा, अशी माझी मागणी आहे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा