हायडनची नसलेली सेरेनेड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात म्हटलंय, पाश्चात्त्य संगीतकारांत हायडन, मोझार्ट, बेथोव्हन तेवढे थोर, त्या काळचे बाकीचे ‘दुय्यम’. असेल बुवा. पण हायडनच्या थोरवीचा पुरावा म्हणून लेखकमहाशयांनी निवडली कोणती रचना, तर ती ‘सेरेनेड’! पहिलं व्हायोलिन गातं आणि बाकी तिघं बोटांनी तारा छेडत साथ करतात, तीच. अहो, ती हायडनची नाही. जर्मनीतल्या आमोरबाखच्या मठातले एक साधू, रोमान होफस्टेटर, त्यांची असावी असं बहुतेक जाणकार मानतात. पॅरिसच्या प्रकाशकाने १७७७ साली सहा क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, हायडनच्या नावावर खपवली; ही सेरेनेड त्यांतलीच. १९६४ साली दोघा अभ्यासकांनी त्यांची जुनी छापील प्रत नीट पाहिली, तेव्हा पहिल्या दोन क्वार्टेटवर होफस्टेटरचं खोडलेलं नाव सापडलं. म्हणजे दुय्यमांतल्याच एकाच्या जिवावर हायडनची आरती!

माझ्या जिव्हारी हे का लागतं ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका श्रवणमंडळात हीच सेरेनेड हायडनची म्हणून ऐकवली गेली. मी पिशवीत सीडी घेऊनच गेलो होतो; वेष्टनावर होफस्टेटरचं नाव स्पष्ट छापलेलं. हात वर केला. निवेदक म्हणाले, “आजोबा, प्रश्न शेवटी.” शेवटी चहा आला. चहाच्या रांगेत मी सीडी पुढे केली, तर त्यांनी तिच्यावर कप ठेवला. मुद्दाम नव्हे, ट्रे समजून. तो गोल डाग अजून आहे, आणि नेमका त्या साधूच्या नावावर.

ही सीडी मला फोर्टात जुन्या मालाच्या ढिगात मिळाली होती. हायडन समजूनच उचलली, घरी येऊन चष्मा लावला तेव्हा कळलं. पण त्यानंतर मी त्याच काळच्या ‘दुय्यम’ संगीतकारांकडे वळलो: वानहालकडे गेलो, क्राउसकडे गेलो, बोकेरिनीची दोन चेलोंची क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांच्या रचना, तर रात्ररात्र ऐकली. बोकेरिनी म्हटलं की लोकांना तो एक मिन्युएट, ती नाचाची धून, तेवढी आठवते. माणसाने शंभरावर स्ट्रिंग क्विंटेट लिहिली आहेत! आणि वानहाल ‘दुय्यम’? १७८४च्या सुमारास व्हिएन्नात एका घरी क्वार्टेट रंगलं: हायडन आणि संगीतकार डिटर्सडोर्फ व्हायोलिनवर, मोझार्ट व्हायोलावर आणि चेलोवर हेच वानहाल. ऐकणाऱ्या मायकेल केली या गायकाने आठवणींत लिहून ठेवलंय की वादन बेताचंच होतं, चौघांतला एकही आपल्या वाद्यात फार तरबेज नव्हता. एकटा वानहाल नव्हे, चौघंही!

चार ओळींचा खुलासा छापावा, एवढीच विनंती. जागा नसेल तर शब्दकोड्याखालची वापरा, तिथे मागच्या आठवड्याचं उत्तर सलग तीन रविवार आलेलं नाही.

आणि लेखातल्या छायाचित्राखाली ‘व्हायोलिनवादक’ लिहिलंय. त्या बाईंनी गुडघ्यांत धरलाय तो चेलो आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली