जखम चिकटवणारा गोंद कोणाच्या रक्तातला, हे रुग्णाला कळायला हवे

संपादक महोदय,

शस्त्रक्रियेतली जखम टाक्यांऐवजी किंवा टाक्यांच्या जोडीला ‘जैविक गोंदा’ने चिकटवण्याची पद्धत आता रुळली आहे. मात्र हा गोंद माणसाच्या रक्तातून येतो, हे संमतिपत्रावर सही करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. मी बरीच वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, म्हणून हे लिहीत आहे.

बोट कापले की रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनावर थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे द्रव्य काम करते आणि फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. कॅल्शियम आणि तेरावा गोठणघटक (रक्त गोठायला मदत करणाऱ्या क्रमांकित घटकांपैकी एक) ते जाळे पक्के करतात. गोंदातही हेच घडते, फक्त फायब्रिनोजेन अधिक दाट असते. पूर्वी ते अनेक दात्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, एकत्र करून काढत आणि त्यातून काविळीचे विषाणू पसरण्याचा धोका होता. म्हणूनच अमेरिकेत १९७८ मध्ये अशा फायब्रिनोजेनचा परवाना रद्द झाला आणि विषाणू निष्क्रिय केलेला गोंद तेथे १९९८ मध्ये मंजूर झाला. मधल्या वीस वर्षांत रुग्णाच्याच रक्तातून गोंद करण्याच्या पद्धतींना बळ मिळाले: शस्त्रक्रियेपूर्वी रक्त घ्यायचे, प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा, तो थंडाव्यातच सावकाश वितळवायचा आणि तळाशी बसलेला फायब्रिनोजेनयुक्त साका वापरायचा.

यात दुसऱ्याच्या रक्तातून येणाऱ्या संसर्गाची भीती उरत नाही, हा मोठा लाभ आहे. पण ‘स्वतःचे’ हा शब्द जपून वापरला पाहिजे, कारण फायब्रिनोजेन रुग्णाचे असले तरी त्याला गोठवणारे थ्रॉम्बिन अनेकदा गाईच्या रक्तातले असे आणि त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये क्वचित रुग्णाच्या स्वतःच्या पाचव्या गोठणघटकावरच उलटून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. थ्रॉम्बिनही रुग्णाच्या रक्तातून काढता येते. तसे केले आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तर याचे फार सुंदर रूप दिसते. बुबुळावर चढलेला मांसाचा पापुद्रा काढल्यावर उघड्या जागी त्याच डोळ्यातील पातळ आवरणाचा तुकडा बसवतात आणि तिथे पाझरलेल्या रक्तानेच तो काही मिनिटांत चिकटू देतात. ना यंत्र, ना विकतचा गोंद, ना टाक्यांची टोचणी. अर्थात पहिले काही दिवस डोळा चोळला तर तो तुकडा सरकू शकतो, हे रुग्णाला बजावून सांगावे लागते.

मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. प्रत्येकाच्या रक्तातील फायब्रिनोजेनचे प्रमाण वेगळे असल्याने गोंदाची ताकद सारखी नसते. तातडीच्या शस्त्रक्रियेत तो तयार करायला सहसा सवड नसते. ताण पडणाऱ्या जखमेला टाके लागतातच. शिवाय विषाणू निष्क्रिय केलेला दात्यांच्या प्लाझ्माचा गोंद आज बराच सुरक्षित आहे, त्यामुळे तो वापरणाऱ्या डॉक्टरांकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल.

माझी मागणी एवढीच आहे की संमतिपत्रात ‘जैविक गोंद’ असे मोघम न लिहिता फायब्रिनोजेन कोणाचे, थ्रॉम्बिन कशातले आणि दुसरा पर्याय कोणता, या तीन गोष्टी रुग्णाच्या भाषेत लिहाव्यात आणि सही घेण्यापूर्वी त्या वाचून दाखवाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ