उभ्या मथळ्यांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

पतसंस्थेच्या पिग्मी रजिस्टरचं प्रिंट आता नीट येतंय, हे फोनवर सांगितलंच आहे. पण 'थँक यू' म्हणून उरकावी एवढी लहान ही मदत नव्हती. शिवाय जुनं व्हीबी सिक्स (व्हिज्युअल बेसिक ६, प्रोग्रॅम लिहायची भाषा) सांभाळत बसलेले माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

इतरांसाठी थोडक्यात: आडवा ए-फोर कागद, तारखांचे ३१ रकाने, आणि कडेला मागील शिल्लक, जमा, व्याज, कमिशन, थकबाकी. रकाने इतके अरुंद की मथळे उभेच हवेत. जुना प्रोग्रॅम एकाखाली एक अक्षर छापायचा. इंग्रजीत ते खपतं. 'शिल्लक' तसं छापलं की 'श' वर, त्याची वेलांटी खालच्या ओळीत ठिपक्यांच्या गोलावर एकटीच, आणि पाय मोडायची खूण आणखी भलतीकडे! शब्द अख्खा ठेवून फिरवण्याला पर्यायच नव्हता.

फिरवायचं कसं, ते कुणीही सांगतं. फाँट तयार करताना एस्केपमेंटमध्ये (ओळीचा कल) ९०० टाका (अंशाचा दहावा भाग हे तिथलं माप, म्हणजे ९० अंश), ओरिएंटेशनमध्येही (अक्षरांचा कल) तेच, आणि फाँट ट्रूटाइप, म्हणजे रेषांनी आखलेला, घ्या. फॉर्मवर आपोआप येणारा एमएस सॅन्स सेरिफ बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचा, आहे, तो वळत नाही. फिरलेला शब्द नेमका रकान्यात कसा बसवायचा, हे मात्र तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नाही.

तुम्ही चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं 'थकबाकी' लिहून फोटो पाठवलात. 'थ'च्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक ठळक ठिपका. खाली तोच शब्द उभा, ठिपका त्याच जागी. टेक्स्टआउटला (मजकूर काढणारं विंडोजचं फंक्शन) आपण एक्स आणि वाय देतो तो हा ठिपका, आणि शब्द त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. म्हणजे मजकूर ठिपक्यापासून वर चढतो आणि अक्षरांची उंची उजवीकडे पसरते. त्या एका चित्रानं बाकीचं सगळं सुटलं. गेटटेक्स्टएक्स्टेंटपॉइंट३२ हे मजकूर मोजणारं फंक्शन शब्द आडवाच आहे असं धरून माप देतं, तेव्हा त्याची रुंदी ती आपली उंची आणि उंची ती रुंदी. रकान्याच्या रुंदीतून अक्षरांची उंची वजा करून निम्मी केली, ती डाव्या रेघेत मिळवली की एक्स. मथळ्याच्या खालच्या रेघेतून थोडी मोकळी जागा वजा केली की वाय. चौकटीत मजकूर बसवणाऱ्या ड्रॉटेक्स्टच्या नादी लागू नकोस, फिरवलेला फाँट त्याला चालत नाही, हेही तुम्ही तिथंच कडेला लिहिलं होतंत. सगळी पाटीच फिरवणाऱ्या सेटवर्ल्डट्रान्सफॉर्मबद्दल विचारलं, तर "चार मथळ्यांसाठी सहा आकड्यांची भानगड कशाला?" म्हणालात. पटलं.

स्क्रीनवर जमलं म्हणून मी खूश होतो, तर तुम्ही विचारलंत, "प्रिंटरवर बघितलंस का?" स्क्रीनच्या ९६ डीपीआयला (इंचामागे ठिपके) १० पॉइंटचा फाँट साधारण १३ पिक्सेल उंच. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरला तोच ८३ लागतो. १३ तसाच दिला तर अक्षर अर्ध्या मिलिमीटरचं. भिंग घेऊन बसा. प्रत्येक डीसीला (ज्यावर काढायचं ती स्क्रीनची किंवा प्रिंटरची पाटी) त्याचा डीपीआय विचारून उंची काढायची, हा तुमचा नियम आता आमच्या मॉड्यूलच्या माथ्यावर कॉमेंट म्हणून आहे. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती, त्यावर टेक्स्टआउटचं डब्ल्यू, म्हणजे युनिकोडचं, रूप घेऊन स्ट्रिंगऐवजी स्ट्रपीटीआर (मजकुराचा मेमरीतला पत्ता) द्यायला सांगितलंत, आणि मंगल फाँटमधली जोडाक्षरं उभी असूनही शाबूत आली.

सगळ्यात मोलाचं तुम्ही न विचारता सांगितलंत. टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा (प्रोग्रॅमनं घेतलेले फाँट, ब्रश वगैरे) रकाना चालू करून खिडकी वरखाली सरकवायला लावलीत. आकडा चढतच होता. आधीचा फाँट परत सिलेक्ट केल्याशिवाय आपला फाँट डिलीट होत नाही, आणि एका प्रोसेसला साधारणपणे अशा वस्तूंची १०,०००च हँडल (ओळख-क्रमांक) मिळतात. ते संपले की बटणं कोरी पडतात आणि मेनूतली अक्षरं गायब होतात. दुपारनंतर प्रोग्रॅम 'खुळावतो' ही संस्थेची जुनी तक्रार होती. सगळे व्हायरसला दोष देत होते. आता दिवसभर चालू ठेवला तरी आकडा जागचा हलत नाही.

याचे पैसे विचारले तर तुम्ही विषयच बदललात. छापील रजिस्टरचं एक पान कुरियरनं पाठवलंय, त्यातली खाती खोटी आहेत, तेव्हा निर्धास्त बघा.

आणि हो, मॅनेजरसाहेबांना आता मथळे ४५ अंशांत तिरके हवे आहेत, रेघांसकट. मार्च एंडिंग उरकलं की फोन करतो.

आपला,
एक विद्यार्थी