टेपचे दुसरे टोक

आदरणीय साहेब,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात महापालिकेकडून आमच्या नव्या घराच्या जोत्याची तपासणी झाली. त्या दिवशी आपणच याल असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. परंतु दुसरे साहेब आले आणि आपली बदली झाल्याचे त्यांच्याकडून कळले. आपले आभार मानायचे राहून गेले ही रुखरुख तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपले नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण आपल्याला ते रुचणार नाही, आणि वाचताना हे पत्र कोणासाठी आहे हे आपल्याला कळेलच.

पंचगंगेच्या बाजूच्या जुन्या पेठेतले आमचे माती-लाकडाचे कौलारू घर २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाण्यात राहिले आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा शिरले तेव्हा मागची भिंत खचली. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. ३९ चा आकडा कानावर आला की माझ्या सासूबाई देव्हाऱ्यातले देव डब्यात भरायला घेतात. असे घर पाडून नव्याने बांधायचे ठरवणे त्यांच्यासाठी सोपे नव्हते. त्यांनी मन घट्ट केले, आणि मग आम्ही परवानगीच्या कागदांत अडकलो.

त्या दिवसांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही, पण एक गोष्ट लिहायलाच हवी. ज्या गृहस्थांनी आमची फाईल करून देण्याचे पैसे आगाऊ घेतले, त्यांनी अपुरी कागदपत्रे जोडली, प्रत्येक त्रुटीपत्रानंतर एकच कागद मागितला आणि दर खेपेस वर काहीतरी ‘द्यावे लागेल’ असे सुचवले. १९६६ च्या नगररचना कायद्यात अर्जावर ६० दिवसांत निर्णय व्हावा असे म्हटले आहे. मात्र त्रुटीच्या पूर्ततेनंतर ते दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, हे आम्हांला फार उशिरा समजले. एकेक कागद सुटा सुटा मागण्याने एका म्हाताऱ्या बाईचे दोन पावसाळे भाड्याच्या खोलीत गेले. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असेही मला वाटत नाही.

आपण फाईल हाती घेतलीत आणि राहिलेले सगळे कागद एकाच वेळी, एकाच पानावर लिहून दिलेत. त्याबद्दल आभार आहेतच. पण मला सांगायचे आहे ते जागापाहणीच्या दिवसाबद्दल. आमची जागा नकाशावरच्या निळ्या म्हणजे लहान पुराच्या आणि लाल म्हणजे मोठ्या पुराच्या रेषेच्या मधली, त्यामुळे घराची पातळी लाल रेषेच्या वर ४५ सेंटीमीटर ठेवावी लागणार होती. ती नकाशावरून ठरते, घरच्या माणसांना विचारून नव्हे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही आपण उंबऱ्याबाहेर चपला काढून पडक्या माजघरात आलात, टेप काढलात आणि त्याचे टोक सासूबाईंच्या हातात देऊन म्हणालात, “आजी, एकवीसला पाणी कुठवर आलं होतं? तिथं धरा बघू.”

साहेब, इतक्या महिन्यांत त्यांच्याकडे प्रत्येकाने मिळकत पत्रिका मागितली, वारसनोंद मागितली, सही मागितली, अंगठा चालेल का असेही एकाने विचारले. त्यांना काय माहीत आहे, हे मात्र कोणीच विचारले नव्हते. साठ वर्षे त्या भिंतीशी राहिलेल्या बाईने न चाचपडता खुंटीच्या चार बोटे वर टोक धरले. तिथे गाळाची फिकट रेघ अजून होती. आपण तो आकडा वहीत लिहिलात, त्यांना वाचून दाखवलात आणि मग विचारलेत, “एवढ्या उंच जोत्यावर आजी चढणार कशा?” आमच्यापैकी कोणाच्या मनात तो प्रश्न आला नव्हता. आता पायऱ्या बुटक्या आहेत, मध्ये टेकायला चौक आहे आणि दोन्ही बाजूंना कठडा आहे.

पुराच्या दिवसांत कोल्हापुरात माणुसकीची वाण कधीच नव्हती. तालमीच्या पोरांनी आम्हांला खांद्यावरून बाहेर काढले, अनोळखी गावांतून भाकरी आल्या, आणि त्या पोरांचे ऋण मी जन्मभर मानीन. परंतु पाणी ओसरल्यावर, घरातला चिखल वाळल्यावर, जेव्हा संकट फक्त एका फाईलीएवढे उरते, तेव्हा बाहेरच्या कोणाला ते दिसत नाही. त्या कोरड्या दिवसांत टेबलापलीकडचा माणूस नीट वागला तर ते होडी घेऊन येण्याइतकेच मोलाचे असते. आपण केवळ आपले काम केले असे म्हणाल. काम करताना समोरच्याचा मान राखणारी माणसे किती थोडी भेटतात, हे मी या दोन वर्षांत पाहिले आहे.

पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडेल असे गवंडी म्हणतात. वास्तुशांतीचे बोलावणे नव्या पत्त्यावर पाठवूच. रजा मिळाली तर सहकुटुंब यावे, ही विनंती.

जोते तपासणीला आलेल्या नव्या साहेबांनी टेप काढला, तेव्हा सोबतचा मुलगा पुढे होण्याआधीच सासूबाई काठी भिंतीला टेकवून उठल्या आणि टोक धरायला त्यांनी हात पुढे केला.

आपली नम्र,
पेठेतील एक शिक्षिका, कोल्हापूर